ऐकणारा शिक्षक : शाळेतल्या रेडिओपासून पॉडकास्टपर्यंत

(धागा)

इंग्लंडमधील केंट परगण्यात १९२७ साली एक प्रयोग झाला. बीबीसीचे शालेय कार्यक्रम वर्गात ऐकवल्यास मुलांवर काय परिणाम होतो, हे तपासायचे होते. कार्नेगी ट्रस्टने पैसा पुरवला, परगण्याच्या शिक्षण समितीने शाळा उपलब्ध करून दिल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल छापला गेला. मुलांना माहिती मिळते, कुतूहल जागे होते, ऐकलेले लक्षात राहते, असे अपेक्षित निष्कर्ष त्यात आहेत. मात्र त्याच यादीतला एक निष्कर्ष मुलांविषयी नाहीच. या कार्यक्रमांमुळे शिक्षकांना पाठांसाठी नव्या कल्पना मिळाल्या, असे तो सांगतो.

मुलांसाठी केलेला कार्यक्रम शिक्षकही ऐकत होता आणि त्यातून शिकत होता. आज शिक्षकांना नजरेसमोर ठेवून जे पॉडकास्ट काढले जातात, त्यांचा पूर्वेतिहास शोधताना या निष्कर्षापाशी थांबावे लागते.

बीबीसीचे शाळांसाठीचे पहिले राष्ट्रव्यापी प्रसारण ४ एप्रिल १९२४ रोजी झाले. वॉलफर्ड डेव्हिस या संगीतज्ञाने संगीतावर पाठ दिला. पुढे रोडा पॉवर यांनी इतिहासाचे पाठ संवाद, गाणी आणि ध्वनिपरिणाम यांच्या साहाय्याने जिवंत केले. सनावळ्या घोकून घेणाऱ्या शिक्षकाला इतिहास असाही सांगता येतो, हे कोणत्याही प्रशिक्षण वर्गाविना कळले. शालेय विभागाची धुरा वाहणाऱ्या मेरी सोमरव्हिल यांनी ध्वनिक्षेपण आणि वर्ग यांच्यातला दुवा जपला. १९२९ साली शालेय ध्वनिक्षेपणासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. कार्यक्रमांसोबत छापील पुस्तिका जात आणि शाळांकडून अभिप्राय परत येत.

तरीही त्या व्यवस्थेत एक मोठी अडचण होती, ती घड्याळाची. कार्यक्रम ठरलेल्या वेळीच लागे आणि शाळेचे वेळापत्रक त्याभोवती वळवावे लागे. शिवाय शिक्षक तो कार्यक्रम मुलांबरोबर, त्याच क्षणी, पहिल्यांदाच ऐकत असे. पुढचे वाक्य काय येणार हे त्यालाही ठाऊक नसे. मध्येच थांबवून एखादी गोष्ट समजावून सांगण्याची सोय नव्हती. पुस्तिका वाचून अंदाज बांधता येई, एवढेच. ज्याने वर्ग चालवायचा, तोच आपल्या वर्गात तेवढ्या वेळापुरता श्रोता होऊन बसे. काही शिक्षकांना हे खुपले असेल, तर त्यात नवल नाही.

नुसते ऐकणे पुरते का, या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मात्र शाळेच्या बाहेर, महाराष्ट्रातल्या खेड्यांत मिळाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभी केली. कल्पना मूळची कॅनडातली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, संपताच त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तपासणी करताना मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली गेली. या दुसऱ्या प्रकारातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळांच्या गावांत शेतीविषयक ज्ञान लक्षणीय वाढले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथली वाढ फारच तोकडी होती. यंत्र तेच, आवाजही तोच. फरक होता तो कार्यक्रम संपल्यानंतरच्या चर्चेचा.

हे उदाहरण शेतकऱ्यांचे असले, तरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याच विचाराची छाया पुढे दिसते. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाची आठवण सहसा सहा राज्यांतल्या २,४०० गावांमुळे काढली जाते. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांचे विज्ञान-अध्यापन प्रशिक्षण झाले, हे तितकेसे सांगितले जात नाही. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षक त्यात सहभागी झाले. दूरदर्शन, रेडिओ, छापील साहित्य आणि शिक्षकांनी एकत्र बसून करायच्या कृती, अशी त्याची रचना होती. एवढ्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावणे अशक्यच होते, म्हणून आवाज आणि चित्र त्यांच्याकडे गेले. पण ते एकटे गेले नाहीत, हे महत्त्वाचे.

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रातल्या बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात आला. पुढच्याच वर्षी ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. घड्याळाची जुनी अडचण यामुळे जवळजवळ संपली. शिक्षक आता एसटीत, स्वयंपाक करताना किंवा रात्री उशिरा ऐकू शकतो, थांबवू शकतो, मागे जाऊ शकतो. वर्गात जाण्यापूर्वी, मुले सोबत नसताना ऐकू शकतो, हा त्याहून खोल बदल आहे. केंटच्या शिक्षकाला नव्या कल्पना मुलांच्या कार्यक्रमाबरोबर अनायासे मिळत. आजच्या शिक्षकासाठी त्या मुद्दाम ध्वनिमुद्रित होतात, आणि बोलणारी व्यक्तीही अनेकदा शिक्षकच असते. अपूर्णांक कसे शिकवले, वर्गात काय फसले, हे एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगणे मंडळाच्या व्याख्यात्याने सांगण्यापेक्षा निश्चितच वेगळे असते.

मात्र या स्वातंत्र्याबरोबर एक गोष्ट हातातून निसटली. पॉडकास्ट बहुधा एकट्याने, कानात इअरफोन घालून ऐकला जातो. पुस्तिका नाही, शेजारी सहकारी नाही, अभिप्राय परत पाठवण्याची ठरलेली वाट नाही. पुण्याच्या प्रयोगातल्या ‘रेडिओ आहे, मंडळ नाही’ अशा गावांशी या स्थितीचे साम्य अस्वस्थ करणारे आहे.

महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक एका खोलीत येतात. पुष्कळदा तिचा बराचसा वेळ परिपत्रके आणि माहितीचे तक्ते यांत जातो. १९५६ च्या श्रोतृमंडळांतही साधारण एवढीच, वीसेक माणसे असत. तिथे आधी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, आणि मग गावकरी बोलू लागत.