तुरुंगातला चातुर्मास



आषाढीला जायचेच म्हणून आपण पडशी भरतो, दिंडीच्या प्रमुखांना नाव देतो आणि नेमके त्याच आठवड्यात घरात कुणी आजारी पडते किंवा पाऊस उशिरा येतो आणि रोवणी पुढे सरकते. वारी चुकते. मग मनाला एकच बोचणी लागते की नेम मोडला, आता देवाला काय तोंड दाखवू?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत ही बोचणी जुनी आहे. हा धानाचा मुलूख. पंढरपुरात आषाढीचा सोहळा असतो, तेव्हा इथे बांधीत चिखल असतो आणि परे लावायला आलेले असतात. तो आठवडा हातचा गेला, तर वर्षाचे धान गेले. म्हणून इथल्या कितीतरी मायबापांची वारी बांधीतच झाली, कमरेत वाकून, नाम घेत. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. त्यांच्याच वाटेने ही माणसे गेली.

पण बेत आपल्या कामामुळे बदलणे वेगळे आणि कुणी हातात बेड्या घालून बदलणे वेगळे. त्यासाठी १९४२ साल आठवावे लागते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. तरी त्यांच्या साधनेची भूमी आपली, चिमूरजवळच्या रामदिघीचे आणि गोंदोड्याचे रान. हातात वीणा नाही, मोठा ताफा नाही. एक खंजिरी आणि लोकांच्या तोंडची भाषा, एवढ्यावर त्यांनी गावेच्या गावे जागी केली. जवळ जे आहे त्यातूनच सेवा उभी करायची, ही त्यांची रीत.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमी होती. त्या दिवशी चिमूरला प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, माणसे पडली. सरकारी अधिकारीही मारले गेले. पाठोपाठ फौज आली आणि गावाने, विशेषतः तिथल्या आयाबहिणींनी, जे सोसले ते सांगताना आजही शब्द अडतात. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, अटक झाली. आधी नागपूरचा आणि मग रायपूरचा तुरुंग. सुटका २ डिसेंबरला. म्हणजे सुमारे शंभर दिवस.

माऊली, हे दिवस पंचांगात पाहा. ऐन चातुर्मास. गोकुळाष्टमी भिंतींच्या आत गेली, दिवाळी आत गेली. चंद्रभागेच्या वाळवंटात कार्तिकीचा गजर झाला, तेव्हाही महाराज कोठडीतच होते. भजनासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाचे पायच बांधले गेले.

मग सेवा मोडली का? पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, श्रीगुरुदेव सेवामंडळाची रीतसर बांधणी झाली आणि ‘श्रीगुरुदेव’ मासिक सुरू झाले. एका माणसाला पकडले की भजन थांबते, पण भजन गावागावाच्या हाती दिले तर कुणाकुणाला पकडणार? अडलेल्या वाटेतून पुढची वाट अशी निघाली. पुढे ‘ग्रामगीता’ आली. तिची प्रेरणा पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी झाली, असे महाराजांनी स्वतः तिच्या आरंभी सांगितले आहे. कार्तिकी चुकलेल्या त्या साधूला पंढरीने उणे लेखले नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ज्यांचे माणूस चिमुरात गेले, त्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसवणे ही भक्ती नव्हे. महाराजांनीही अन्यायाला प्रसाद म्हटले नाही. श्रद्धा म्हणजे घडले ते सारे गोडच मानणे नाही. जे घडले त्यानंतरही नाम आणि काम हातचे सुटू न देणे, ती श्रद्धा.

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंडा आहे. महाशिवरात्रीला आपण जाता तेव्हा वैनगंगेकडे पाहा. दक्षिणेला निघालेली ही नदी तिथे वळून उत्तरेकडे वाहते. ती वळली म्हणून कुणी तिला चुकलेली म्हणत नाही. उलट त्या वळणावरच तीर्थ झाले.

२०२० सालची आषाढी आपण सर्वांनी अनुभवली. १ जुलैची एकादशी, पालखीमार्ग ओस, आणि माऊलींच्या अन् तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. तेव्हा कुणी अंगणात तुळस मधोमध ठेवून रिंगण केले, कुणी ओसरीवर हरिपाठ धरला. जे घरात होते त्यातून वारी उभी राहिली.

तर माऊली, यंदा वारी चुकली तर स्वतःला दोष देत बसू नका. भरलेली पडशी सोडा, टाळ बाहेर काढा. आजाऱ्याच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणा. रोवणीच्या बायांच्या ओळीत उभे राहून नामाचा ठेका धरा. शेजारी कुणी जाणार असेल, तर त्याच्या शिदोरीत आपल्या घरची भाकरी घाला. ती भाकरी पंढरीला पोचेल आणि तिच्यासोबत आपणही.

रामकृष्णहरी.