साच्याने निवडलेल्या लढाया

ऐतिहासिक लढायांचे चिमुकले सैनिक जमवून रंगवण्याचा छंद इंग्लंडमध्ये चांगला रुजला आहे आणि त्यात प्लास्टिक की धातू हा वादही जुना आहे. धातू दर्दी माणसाचा, प्लास्टिक पोरांचे, असे एक पक्ष ठामपणे सांगतो. मला हा निवाडा पटत नाही. कोणती सेना टेबलावर उभी राहणार हे साच्याच्या खर्चाने ठरवले आणि या दोन पदार्थांतला खरा फरक तोच आहे.

1893 मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकाम आणले. शिशाचा रस साच्यात ओतायचा, कडेला थर धरला की साचा उलटा करून उरलेला रस काढून घ्यायचा. शिसे वाचले, सैनिक स्वस्त झाले आणि जर्मन मालाशी टक्कर देता आली. 1959 मध्ये एअरफिक्स कंपनीने मऊ पॉलिथिनचे, इंचाहूनही कमी उंचीचे सैनिक खोक्यातून आणले. त्यांचा पोलादी साचा फार महाग, त्यामुळे हजारोंनी खोकी खपली तरच तो परवडे. साहजिकच वॉटर्लू, अमेरिकन यादवी, दुसरे महायुद्ध अशा शाळकरी मुलांच्या ओळखीच्या लढायाच खोक्यात आल्या. ज्यांना इतर सेना हव्या असत त्यांनी या सैनिकांची मुंडकी कापून दुसऱ्या धडांवर बसवावीत. धातूचे ओतकाम मात्र फिरत्या रबरी साच्यातही होते. तो स्वस्त असल्याने थोडा खप असला तरी छोट्या कारागिराचे भागते. म्हणूनच 1803 ची असईची लढाई मांडणाऱ्याला शिंद्यांच्या कवायती पायदळासाठी धातूकडेच वळावे लागे.

शिशाच्या विषारीपणामुळे प्लास्टिक आले, असे कोणी म्हणेल. ब्रिटन यांच्या कारखान्याने 1966 च्या सुमारास शिशाचे सैनिक बंद केले हे खरे, पण हेराल्ड या नावाने विकले जाणारे प्लास्टिक सैनिक त्याच कारखान्याने 1950 च्या दशकातच हाताशी धरले होते. दुसरा आक्षेप रंगाचा, आणि तो वजनदार आहे. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणचट असतो. संगीन वाकली की तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून लोक सैनिक साबणाने धूत, त्यांच्यावर पांढऱ्या गोंदाचा हात देत आणि मगच रंग लावत. पण हा दोष मऊ पॉलिथिनचा. कडक पॉलिस्टायरीनवर प्रायमर आणि अॅक्रिलिक उत्तम बसतात, आणि त्यावरची साच्याच्या जोडाची शिवण ब्लेडने खरवडता येते. धातूला त्यासाठी बहुधा कानस लागते, तीही बटणांची नक्षी झिजणार नाही इतक्या हलक्या हाताने चालवावी लागते. इंग्लंडमधल्या पेरी बंधूंचा कारखाना आज दोन्ही पदार्थ वापरतो: ज्यांचा खप मोठा ते साधे शिपाई प्लास्टिकचे, आणि ज्यांची एकदोनच नगांची गरज ते सेनापती बहुधा धातूचे.