‘फियाट विकणे आहे’ : जुनी पद्मिनी घेताना काय पाहावे?

‘जुनी फियाट, संपूर्ण नूतनीकृत, सर्व भाग मूळ, चालू स्थितीत विकणे आहे’, अशा आशयाच्या जाहिराती मुंबई-पुण्यात आजही आढळतात. मजकूर जेमतेम दोन ओळींचा असतो. परंतु त्यातील ‘नूतनीकृत’ आणि ‘मूळ’ हे शब्द एकमेकांना छेद देणारे आहेत. जितके नवे केले तितके मूळ कमी झाले, हा साधा हिशेब आहे. खरेदीदाराचे पैसे आणि गाडीचे कायदेशीर भवितव्य या दोन शब्दांच्या नेमक्या अर्थावर अवलंबून असते. म्हणूनच रंगाच्या चकाकीपलीकडे काय पाहावे, याची माहिती असणे आवश्यक ठरते.

<b>कुर्ल्याची मोटार</b>

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्या जोडल्या जात. पुढे तुरिनच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. फियाटने १९५३ मध्ये इटलीत आणलेले ‘११००’ हे मॉडेल त्याच दशकात कुर्ल्याहून बाहेर पडू लागले. या गोलसर गाडीचे पुढचे दरवाजे मधल्या खांबाला बिजागरी असल्याने उलट्या दिशेने उघडत. मराठी माणसाने तिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले आणि तेच नाव रूढ झाले.

१९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तिला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ आराखडा जवळपास तोच राहिला. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगलगतच्या दांड्याने बदलायचे चार गिअर, मागील चाकांना मिळणारी गती आणि चार मीटरहून थोडी कमी लांबी, अशी तिची ठळक वैशिष्ट्ये सांगता येतील. अखेरच्या ‘एस्१’ मॉडेलमध्ये मात्र गिअरचा दांडा खाली आला.

परवाना पद्धतीच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. त्यामुळे मिळालेली गाडी लोक जपून वापरत. आज बऱ्या अवस्थेत दिसणाऱ्या अनेक खासगी पद्मिनींचे मूळ या सवयीत आहे. टॅक्सींचे आयुष्य मात्र निराळे होते. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहरातून हद्दपार झाली. त्यानंतर या गाडीविषयीचे आकर्षण वाढले आणि ‘नूतनीकृत’ गाड्यांना गिऱ्हाईकही मिळू लागले.

<b>आधी पत्रा, मग रंग</b>

पद्मिनीला ट्रकप्रमाणे वेगळी चौकट नाही. सांगाडा आणि बाह्य पत्रा मिळून एकच रचना होते व तीच सारा भार पेलते. त्यामुळे तळाचा पत्रा किंवा दरवाजांखालील पट्ट्या गंजल्या असतील, तर तो केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. गाडीची ताकदच कमी होते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हा धोका अधिक. गंज कापून नवा पत्रा जोडणे हे खर्चाचे आणि कौशल्याचे काम आहे. त्याऐवजी लांबी भरून वर रंग मारणे स्वस्त पडते आणि छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात.

परीक्षा सोपी आहे. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि डिकीचा तळ येथे फिरवावे. लांबीचा थर जाड असेल तेथे चुंबक धरत नाही. पायाखालचे मॅटिंग उचलून तळ पाहावा, गाडी रॅम्पवर चढवून खालची बाजू तपासावी. दरवाजांच्या खाचा, डिकीच्या अस्तराखालची जागा आणि बॉनेटच्या आतील कोपरे येथे जुना काळा-पिवळा रंग डोकावत असेल, तर गाडी पूर्वी टॅक्सी होती असे समजावे. टॅक्सी असणे हा दोष नव्हे. मात्र ती गाडी किती धावली असेल आणि डिकीत सीएनजीची टाकी बसवली होती काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

<b>इंजिन आणि सुटे भाग</b>

गाडी पाहण्याची वेळ विक्रेत्याला कळवताना इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे सांगावे. थंड इंजिन चोक ओढून सुरू करताना खरी अवस्था कळते. मागून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. सर्व गिअर, विशेषतः रिव्हर्स, स्टिअरिंगलगतच्या दांड्याने विनासायास पडले पाहिजेत.

यांत्रिक भागांची चिंता तुलनेने कमी आहे. टॅक्सीमुळे या गाडीचे भाग दीर्घकाळ बनत राहिले. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसचा परिसर आणि पुण्याची नाना पेठ येथे चौकशी केल्यास पुष्कळ गोष्टी मिळू शकतात. खरी टंचाई असते ती मूळ क्रोम पट्ट्या, बोधचिन्हे, मीटर आणि काचा यांची. म्हणून हे भाग जागेवर असलेली मळकी गाडी ते हरवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक मोलाची ठरते. आणखी एक दक्षता अलीकडची आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. इंधनाच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग बदलले आहेत काय, हे पाहावे.

<b>कागदपत्रे</b>

गाडीवरील चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळलेच पाहिजेत. खासगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे वैध असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे काय, पर्यावरण कर भरला आहे काय आणि परिवहन खात्याच्या संगणकीय प्रणालीत गाडीची नोंद आहे काय, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तपासावे. जुन्या पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो; तो उतरवून घ्यावा.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत पुस्तकातील मालक हयात नसणे, ही नित्याची अडचण आहे. अशा वेळी वारसांच्या नावे हस्तांतर आधी होणे आवश्यक. कोऱ्या नमुन्यांवर केलेल्या सह्या हातोहात फिरवून झालेला व्यवहार पुढे खरेदीदाराच्याच गळ्यात येतो. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण करून घ्यावा. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य परस्परसंमतीने ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

<b>‘व्हिंटेज’ कोणती?</b>

ब्रिटनमधील रूढ व्याख्येनुसार १९१९ ते १९३० या काळातील मोटारच ‘व्हिंटेज’ होय. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते.

पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये ओलांडली. मात्र या मानाला एक अट आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. रविवारी कुटुंबासह लोणावळ्याला जाण्याची हौस असेल, तर साधी नोंदणी नूतनीकृत करणेच श्रेयस्कर. दुसरे असे की, नूतनीकरणाच्या नावाखाली अन्य कंपनीचे इंजिन बसवले असेल, तर व्हिंटेज नोंदणीचा मार्ग बंद होण्याचा संभव असतो.

जुन्या मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने तुरिनच्या नावाने केलेली सनदही जतनाला नूतनीकरणापेक्षा अग्रक्रम देते आणि जे काम केले त्याची लेखी नोंद ठेवण्याचा आग्रह धरते. भारतीय खरेदीदारानेही हाच निकष लावावा. पत्रा कापला तेव्हाची छायाचित्रे, बदललेल्या भागांची बिले आणि काढलेले जुने भाग विक्रेत्याकडे मागावेत. ज्याने मनापासून काम केले आहे, त्याच्याकडे ही फाइल असते आणि तो ती आनंदाने दाखवतो. फाइल नसेल तर गाडी ‘रंगवलेली जुनी गाडी’ समजून, ओळखीच्या फियाट मिस्त्रीला सोबत नेऊन, त्याच हिशेबाने किंमत ठरवावी.