कॅडल रोडवरची मॅरेथॉन

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. लिफ्ट, गळती, पाण्याची टाकी हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात येणारच आहे. म्हणून मी आपल्या फाटकासमोरून जाणाऱ्या मॅरेथॉनबद्दल लिहितो. जन्म बँकेत गेल्यामुळे हिशेब लिहून ठेवायची खोड आहे, आणि या विषयातली एक रक्कम माझ्याच नावे पडलेली आहे.

मॅरेथॉनचं 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधलं. आपल्याकडचा धागा मात्र पुण्याचा आहे. 1919 च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. खेड्यापाड्यांतली मुलं अनवाणी धावत होती. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात, हे दोराबजींच्या लक्षात आलं. त्यांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. धावले चौगुलेच, पण कडेला बसलेल्या एका माणसाने नीट बघितलं, म्हणून ही मुलं तिथवर पोचली.

आता आपल्या रस्त्याकडे येतो. मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली 15 फेब्रुवारी 2004 ला, रविवारी. सोसायटी जेमतेम चार वर्षांची, आणि सेक्रेटरी मी. रस्ता बंद, दूध उशिरा, गाड्या आत अडकलेल्या. सभासदांचे फोन मलाच. मी आपल्या तेव्हाच्या वॉचमनना, म्हणजे मामांना, बजावून ठेवलं होतं की फाटक बंद ठेवा, बाहेरचं कोणी आत घेऊ नका.

पुढचे धावपटू वाऱ्यासारखे निघून गेले. उन्हं वर आली तेव्हा बांद्र्याहून परतणारा तिशीतला एक तरुण आपल्या फाटकाशी बसला. पायात गोळा आला होता. मी बाल्कनीतून बघत होतो. मामांनी फाटक उघडलं, त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पोटरी चोळली, आपल्या माठातल्या पाण्यात मीठ-साखर घालून दिली. मी तावातावाने खाली उतरलो. काही बोलणार, तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या सोसायटीचे फार उपकार झाले."

मी गप्प राहिलो. मामा त्याच्याबरोबर सिग्नलपर्यंत चालत गेले. "सावकाश जा, पण जा," एवढंच म्हणत होते.

रस्ता बंद ठेवल्याबद्दलचं तक्रारपत्र मी आदल्याच रात्री लिहून ठेवलं होतं. ते सोमवारी पाठवलंच. हे आज प्रथमच सांगतोय.

पुढच्या वर्षी मामांनी विचारलं, "साहेब, यंदा फाटक?" मी म्हटलं, "उघडं ठेवा." त्या वर्षी बाहेर टेबल आलं. आमच्या सौ.नी आणि शेजारच्या वहिनींनी संत्री सोलली. मुलांनी गणपतीतली झांज आणि ताशा काढला. खर्च वर्गणीतून, हिशेब माझ्याकडे आहे, कोणालाही बघता येईल.

इतक्या वर्षांत एक कळलं. जिंकणाऱ्यांना आपल्या टाळ्यांची फारशी गरज नसते. त्यांच्यामागून तासन् तास जी माणसं येतात, नोकरी-संसार सांभाळून पहाटे उठून सराव केलेली, त्यांना असते. छातीवरच्या नंबरपट्टीवर नाव छापलेलं असतं. ते वाचून हाक मारली की चालणारा माणूस पुन्हा धावायला लागतो. "संपत आलं" असं मात्र कोणी ओरडू नये. पुढे पेडर रोडचा चढ असतो, आणि तो त्यांना चांगला ठाऊक असतो. सागरी सेतू 2009 साली खुला झाला. पुढे मॅरेथॉनचा मार्गही त्याच्यावरून नेला. तेव्हापासून मंडळी जातात सेतूवरून आणि आपल्याकडे येतात ती परतताना, म्हणजे दमलेलीच. हा मान आपल्या रस्त्याला मिळाला आहे.

2021 आणि 2022 मध्ये कोरोनामुळे मॅरेथॉन झाली नाही. मामा त्याआधीच्या लॉकडाऊनमध्ये गावी गेले ते परत आले नाहीत. आता वयही झालंय. जानेवारी 2023 मध्ये टेबल पुन्हा मांडलं, तेव्हा त्यांची जुनी खुर्ची मी मुद्दाम बाहेर ठेवली. दोघेजण तिच्यावर बसून, पाय चोळून पुढे गेले. संध्याकाळी मामांना फोन करून सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "पाण्यात मीठ घातलंत ना?"

समितीला एक विनंती आहे. या अंकात आजवरच्या अध्यक्ष-सेक्रेटरींची यादी छापली जाईल, त्यात माझंही नाव असेल. त्याच पानावर मामांचं पूर्ण नाव छापावं. पगारपत्रकात सापडेल.

आणि सभासदांनो, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी वरून मोबाइलवर व्हिडिओ काढण्यापेक्षा खाली या. संत्री सोलायला हात कमी पडतात.