दुकानाची तब्येत आणि छेदातली माणसं

शाळेत अपूर्णांक शिकताना आपलं सगळं लक्ष वरच्या अंशाकडे असतं. छेद बिचारा खाली पडलेला. पण ऑनलाईन बाजारातल्या दुकानाची तब्येत कशी मोजायची, याचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास चाळला, तर बरीचशी भानगड त्या छेदातच सापडते. वीकएन्डला वाचायला बरी गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

सप्टेंबर १९९५. कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार नावाच्या प्रोग्रामरने 'ऑक्शनवेब' ही साईट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. इथे विकणारा आणि घेणारा एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत. आधी पैसे पाठवायचे आणि देवाचं नाव घेत वाट बघायची! कोपऱ्यावरच्या वाण्याचं बरं असतं, शेजारच्या काकू आधीच सांगतात, "त्याच्याकडची तूरडाळ घेऊ नकोस." इंटरनेटवर काकू आणायच्या कुठून?

ओमिड्यारने फेब्रुवारी १९९६ मध्ये यावर उपाय काढला, फीडबॅक फोरम. व्यवहार चांगला झाला तर +१, वाईट झाला तर -१, धड ना हे ना ते असेल तर ०. बेरीज -४ झाली की खातं बंद. बास, एवढाच अल्गोरिदम. आणि गंमत म्हणजे तो चालला! पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने तसाच माल आपल्या जुन्या नावाने विकला आणि कोऱ्या करकरीत नावांनीही विकला. जुन्या नावाला लोक सुमारे ८.१% जास्त द्यायला तयार होते. म्हणजे अब्रूला बाजारभाव होता.

मग बिघडलं कुठे?

रेझ्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधला ईबेचा डेटा तपासला होता. ग्राहकांनी विक्रेत्यांबद्दल दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१% शेरे चांगले! आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाजारात शंभरातले नव्याण्णव व्यवहार गोडीगुलाबीने होतात? ज्या थर्मामीटरमध्ये प्रत्येकाचा ताप सारखाच येतो, तो बदलायला हवा. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. जेमतेम निम्म्या व्यवहारांत ग्राहकाने काही शेरा दिला होता. बाकीचे निम्मे गप्प.

का गप्प? एक कारण उघड होतं. शेरे दोन्ही बाजूंनी द्यायचे होते. तुम्ही -१ दिला की विक्रेताही उलट -१ देणार. बरेच विक्रेते तर ग्राहक आधी काय लिहितो ते बघूनच आपला शेरा टाकायचे. आपलीच अब्रू जाणार असेल, तर शहाणा माणूस तोंड बंद ठेवतो.

ईबेने मग दुरुस्त्या सुरू केल्या. मे २००७ मध्ये चार वेगळे निकष आले: वस्तू सांगितली तशीच होती का, संवाद कसा होता, पाठवायला किती वेळ लागला आणि पाठवणीचा खर्च रास्त होता का. प्रत्येकाला एक ते पाच तारे, तेही नाव न कळता. आणि मे २००८ पासून विक्रेत्याने ग्राहकाला वाईट शेरा देणंच बंद झालं. या बदलांची घोषणा झाल्यावर, फेब्रुवारी २००८ मध्ये, चिडलेल्या विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार टाकला. फीवाढीचा रागही त्यात होताच. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आडमुठ्या ग्राहकापुढे त्यांच्या हातात आता काय उरलं?

ताऱ्यांचीही एक गंमत झाली. आपल्यासारखा माणूस "छान आहे" म्हणून चार तारे देतो. पण 'पॉवरसेलर' राहायला सरासरी किमान ४.५ लागायची. म्हणजे आपण ज्याला शाबासकी समजत होतो, ती विक्रेत्याच्या पोटावर पाय होती! पुढे सरासरी सोडून एक-दोन तारे किती जणांनी दिले, तेवढंच मोजायला लागले.

मग दिशाच बदलली. लोक काय म्हणतात त्यापेक्षा काय घडलं ते मोजा. ईबेने २०१४ मध्ये 'डिफेक्ट रेट' आणला आणि २०१६ मध्ये त्यातून शेरे आणि तारे काढूनच टाकले. उरलं काय, तर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी आणि त्याने न सोडवलेल्या तक्रारी. ॲमेझॉनवर तर पानाचं नावच 'अकाउंट हेल्थ'. सदोष ऑर्डरी १% च्या खाली, उशिरा पाठवलेल्या ४% च्या खाली, पाठवण्याआधी रद्द केलेल्या २.५% च्या खाली. रक्त तपासणीचा रिपोर्टच जणू, समोर नॉर्मल रेंज छापलेली.

इथे पुन्हा छेद आडवा येतो. दहा हजार ऑर्डरी असणाऱ्याला एका चिडक्या ग्राहकाने काही फरक पडत नाही. पण ज्याच्या पन्नासच ऑर्डरी आहेत, त्याचा एक ग्राहक म्हणजे थेट २%. नुसती टक्केवारी बघितली तर तो छोटा दुकानदार आजारी ठरतो, आणि त्यावर खातं बंद झालं तर एखाद्याचं घर चालायचं थांबतं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. क्रिस नोस्को आणि स्टीव्ह टॅडेलिस यांनी २०१५ मध्ये ईबेच्या डेटावर काम करताना छेदच बदलला. चांगले शेरे भागिले एकूण शेरे न करता, भागिले एकूण व्यवहार. उदाहरण घ्या. दोघांच्या १००-१०० ऑर्डरी. पहिल्याला ८० जणांनी शेरा दिला, त्यातले ७९ चांगले. दुसऱ्याला फक्त ४० जणांनी दिला, पण सगळे चांगले. जुन्या हिशेबाने दुसरा जिंकतो, १००% विरुद्ध ९८.७५%. नव्या हिशेबाने पहिला ७९%, दुसरा ४०%! खऱ्या डेटात जुन्या पद्धतीने सरासरी ९९.३% यायची, नव्या पद्धतीने ६४%. आणि हा आकडा जास्त असलेल्या विक्रेत्याकडून घेतलेले ग्राहक ईबेवर परत येण्याची शक्यताही जास्त होती. गप्प बसलेल्यांपैकी बरेच जण नुसते आळशी नव्हते तर. नाराज होते, आणि भांडण न करता निघून गेले होते.

मराठी माणसाला हे नवीन नाही म्हणा. लग्नाच्या पंगतीत जेवण बिघडलं तर यजमानाला तोंडावर कोण सांगतं? "छान होतं हं" म्हणायचं आणि पुढच्या वेळी केटरर बदलायचा.

असो. तुमच्यापैकी बरेच जण ऑफिसात डॅशबोर्ड बनवतात किंवा बघतात. उद्या कुणी ९९% समाधानी ग्राहक दाखवले, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, ९९% कितीपैकी? आणि जे बोललेच नाहीत, त्यातले किती परत आले?