न्यायालयाची हद्द कोण ठरवतो?

सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांच्यावरून हेगमध्ये दोन सरकारांचा लवाद बसला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून त्यांनी उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. मुंबईत बचाव पक्षाने विचारले, अटकच बेकायदा, मग तुम्हाला खटला चालवायचा अधिकार कुठून आला? विशेष न्यायाधिकरणाने हा आक्षेप फेटाळला आणि दोन जन्मठेपा ठोठावल्या. शिक्षा होऊन गेल्यावर, 24 फेब्रुवारी 1911 रोजी, हेगच्या पाच पंचांनी निकाल दिला: धरून सोपवण्यात गैर झाले, पण कैदी परत देण्याचे बंधन नाही. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो या खटल्यात पक्षकारच नव्हता. मला हेच सर्वात अन्यायाचे वाटते.

आपली हद्द न्यायालयाने स्वतः ठरवायची, हा नियम 1907 च्या हेग कराराच्या 73 व्या कलमात होता. त्याचे मूळ आणखी मागे जाते. 1794 च्या जे कराराखाली लंडनमध्ये बसलेल्या आयोगापुढे ‘बेट्सी’ या अमेरिकी जहाजाचा दावा आला. हे आपल्या अधिकारात नाही, असे ब्रिटिश सदस्यांचे म्हणणे. तेव्हा लॉर्ड चॅन्सेलर लफबरो यांनी स्वतःच्याच बाजूच्या लोकांना बजावले की अधिकार आहे की नाही हे आयोगानेच ठरवायचे, त्यात शंका घेणे निरर्थक आहे.

तोच नियम पुढे युरोपीय मानवी हक्क कराराच्या 32 व्या कलमात आला. त्याची खरी कसोटी 1999 मध्ये लागली. पेरूच्या सरकारने आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचा अधिकार तडकाफडकी नाकारला. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये सांगितले, एकदा मान्य केलेला अधिकार, न्यायालय ज्या कराराचे आहे त्या करारात राहून, असा झटकता येत नाही, आणि खटले पुढे चालवले. सरकारच्या मर्जीवर न्यायालयाची हद्द ठरली, तर गाऱ्हाणे मांडणाऱ्याला दार उरत नाही.

हद्द ठरवणे म्हणजे ती वाढवणे नव्हे. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपला अधिकार वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना करारापुरताच असल्याचे सांगितले.

आशियाला असे मानवी हक्क न्यायालय नाही. भारताने 1979 मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, पण व्यक्तीला तक्रारीची वाट देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. तो स्वीकारायला हवा.