झेब्राफिश आणि जनुकशास्त्र : वसई-विरारच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची वाट

झेब्राफिश (शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ) हा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा, निळ्या पट्ट्यांचा गोड्या पाण्यातील मासा. तो मूळचा भारतीय उपखंडातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. अमेरिकेतील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या १९८१ च्या शोधनिबंधानंतर तो जनुकशास्त्रात रुजला.

हाच मासा का?
मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो. साधारण २४ तासांत त्याचे धडधडणारे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी जुळणारी जनुके त्यात आढळली. त्यामुळे एखादे जनुक बंद पाडले तर शरीरात काय बिघडते, हे या माशात तपासता येते.

संशोधन कुठे चालते?
कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डॉ. महेंद्र सोनावणे यांचा गट या माशाच्या त्वचेचा अभ्यास करतो. त्याआधी त्यांनी जर्मनीत नोबेलविजेत्या क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशवर संशोधन होते. यातले कुलाब्याचे काम तर विरार-चर्चगेट लोकलच्या टप्प्यातच चालते.

वाट कशी?
प्राणिशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बीएस्सी करावी. एमएस्सीसाठी आयआयटी जॅम, गॅट-बी या परीक्षा आहेत. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा टीआयएफआरची जेजीबिल्स अशा परीक्षा आहेत. बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडीलाही जेजीबिल्समधून जाता येते. दुसऱ्या वर्षापासूनच उन्हाळी प्रकल्पांसाठी अर्ज करावेत.

खर्चाचे काय?
"अजून किती वर्षे शिकणार?" हा प्रश्न घरातून येतोच, विशेषतः पहिली पिढी शिकत असेल तर. पीएचडीचा विद्यार्थी मात्र घरावर बोजा नसतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये अधिछात्रवृत्ती लागू झाली. घरभाडे भत्ता वेगळा. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे.

ही माहिती वेळेवर न मिळाल्याने हुशार मुले बीएस्सीनंतर मिळेल ती नोकरी धरतात. कार्यकर्त्यांनी विहारातील अभ्यासिकेत एमपीएससीच्या जाहिरातींशेजारी या परीक्षांच्या तारखाही लावाव्यात.